ब्लूज वीकेंडला तासभर वाजवायचंय: पाऊस, 1925 की एकच स्टुडिओ?

शनिवारची मध्यरात्र उलटल्यावरचा, एक ते दोनचा तास. ब्लूज डान्स वीकेंडला, म्हणजे ब्लूज या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीतावर नाचायला लोक जमतात त्या शनिवार-रविवारी, नव्या डीजेच्या पदरात बहुधा हाच पडतो. त्यात आयोजकांची मेल येते की यंदा प्रत्येकाने आपापली थीम घेऊन वाजवावं. मग आपण लॅपटॉप उघडून गाण्यांच्या यादीत ‘रेन’ असं शोधायला लागतो. मी तरी तेच केलं होतं.

मी शिकागोच्या एका उपनगरात राहतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, हे शनिवार-रविवारचं खूळ. आतापर्यंत तीन तऱ्हेच्या थीम वाजवून झाल्यात: एक विषयाची, एक काळाची, एक जागेची. बारा बारचं आवर्तन (ब्लूजचा ठरलेला साचा), बीपीएम (मिनिटाला किती ठोके) वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो आणि निवडीपुरतंच बोलतो. ‘जूक जॉइंट नाइट’ (जूक जॉइंट म्हणजे दक्षिणेतल्या काळ्या मजुरांचे नाचगाण्याचे अड्डे) नावाची चौथीही एक थीम सगळीकडे दिसते, पण ती गाण्यांपेक्षा सजावटीचीच जास्त असते. मिसिसिपीतल्या शेतमजुरांच्या गरिबीचा फॅन्सी ड्रेस घालून नाचणं मला काही रुचत नाही, म्हणून ती बाजूलाच ठेवली.

विषयाची थीम कागदावर सगळ्यात देखणी दिसते. पाऊसच घ्या. बेसी स्मिथचं ‘बॅकवॉटर ब्लूज’, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो यांचं 1929 चं बंधारा फुटण्याचं गाणं, स्लिम हार्पोचं 1961 चं ‘रेनिन इन माय हार्ट’. टी-बोन वॉकरचं 1947 चं ‘स्टॉर्मी मंडे’ही मी त्यात घुसवलं होतं. त्याच्या नावात वादळ असलं तरी गाण्यात आठवड्याची रड आणि शुक्रवारचा पगार आहे, पण एक वाजता कोण बघतंय म्हटलं.

कोणीच बघत नव्हतं, आणि तीच तर गोम आहे. आपण मराठी माणसं थीमवर वाढलेली. पावसाची गाणी, चांदण्यांची गाणी, अमक्या कवीची गाणी, असे कार्यक्रम आपल्याकडे गल्लोगल्ली होतात. पण तिथे दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक उभा असतो. तो सांगतो तेव्हा कुठे थीम जाणवते. डान्स फ्लोअरवर निवेदक नसतो, आणि कोणी माइक घेतलाच तर लोक खुर्च्यांकडे वळतात. ‘बॅकवॉटर ब्लूज’बद्दल सांगण्यासारखं केवढं आहे! ते 1927 च्या मिसिसिपीच्या महापुराचं गाणं म्हणून सर्रास ओळखलं जातं, पण ते रेकॉर्ड झालं फेब्रुवारीत आणि तो महापूर एप्रिलमधला. ही गंमत मला त्या रात्री सांगायची होती. कोणाला सांगणार? समोर साठेक माणसं डोळे मिटून एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकवून नाचत होती. शब्द त्यांच्या कानांपर्यंत जात होते, डोक्यात शिरत नव्हते. त्यांना ठेका हवा होता.

त्या सेटला मला खरा त्रास दिला तो आवाजाने, आणि पुढचं सगळं त्यावरूनच ठरलं. विषय धरला की सालं विस्कटतात. 1929 च्या तबकडीत दोन गिटार आणि एक गळा. त्यानंतर 1961 चा स्टुडिओ: ड्रम, बेस, भरपूर एको. मेम्फिस मिनीचं गाणं लागलं तेव्हा हॉलच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत काही पोचेना, म्हणून मी आवाज वर ढकलला. खरखरही वर आली, तशी ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांची पातळी, खाली घेतली. एवढ्यात कोणीतरी गाण्याचं नाव विचारायला टेबलाशी आलं आणि मी बोलत बसलो. पुढचं गाणं त्याच चढ्या आवाजात सुरू झालं. पहिल्याच सुराला अख्खा हॉल दचकला. माझ्यासमोरच गालाला गाल लावून नाचणाऱ्या एका जोडीची डोकी चक्क एकमेकांवर आदळली. मुलगी कपाळ चोळत हसली, मुलगा नाही हसला. उरलेली चाळीस मिनिटं माझा हात फेडरवरून, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या दांड्यावरून, हलला नाही. पाणी प्यायचं म्हटलं तरी डाव्या हाताने.

यावर मित्र सांगतात, सॉफ्टवेअरने सगळ्या गाण्यांची पातळी आधीच एकसारखी करून घे. करतो की. आकडे जुळतात, कान जुळत नाहीत. जुन्या तबकडीत खालचे खर्जातले सूर जवळजवळ नसतात आणि वरचेही नसतात, सगळा ऐवज मधल्या चिंचोळ्या पट्टीत. पातळी सारखी केली तरी एक गाणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटतं आणि दुसरं छातीवर बसतं. नाचणाऱ्याला ठेका खर्जातून, पायाखालून लागतो. तोच दर तीन मिनिटांनी गायब व्हायला लागला की चांगले चांगलेही घुटमळतात. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे काही नाही. फ्लोअरवरची किती माणसं गाणं सुरू झाल्यावर पहिली पाच-दहा सेकंदं नुसती उभी राहतात, एवढंच मी बघतो. पावसाच्या सेटला फार जणं उभी राहत होती.

मग वाटलं, काळच धरावा, म्हणजे तबकड्या तरी एका जातीच्या होतील. 1920 च्या दशकातल्या गायिका घेतल्या. मेमी स्मिथने ऑगस्ट 1920 मध्ये ओके या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायलं, तिथून पुढचा सगळा मामला: मा रेनी, बेसी स्मिथ आणि त्यांच्या पिढीच्या बाकीच्या. या सेटबद्दल माझ्या मनात आजही हळवा कोपरा आहे, आणि त्याला कारण आहे 14 जानेवारी 1925 चं बेसी स्मिथचं ‘सेंट लुईस ब्लूज’. कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं वाद्य) लुई आर्मस्ट्राँग आहे हे सगळे सांगतात. पण मागे सूर धरून काय वाजतंय ते एकदा हेडफोन लावून ऐका. पेटी! फ्रेड लाँगशॉ आपली हार्मोनियमच्या जातीची पेटी छातीतून उसासा टाकल्यासारखी वाजवतोय, बेसी एकेक ओळ ठेवतेय आणि आर्मस्ट्राँग प्रत्येक ओळीला उत्तर देतोय. लहानपणी देवळातल्या भजनात पेटी ऐकलेल्या माणसाला ते ऐकताना घरी आल्यासारखं होतं. माझ्या आईला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, “बाई दमलेली आहे, पण सुरात आहे.” याहून चांगलं परीक्षण माझ्या वाचनात नाही.

पण नाचायला? 1925 पर्यंतची बहुतेक रेकॉर्डिंग कर्ण्यासमोर उभं राहून केलेली. मोठा ड्रम वाजवला तर तबकडी कोरणारी सुईच उडायची, म्हणून ड्रम टाळलेले. म्हणजे ठेका पियानोच्या डाव्या हातावर आणि नाचणाऱ्याच्या भरवशावर. ज्यांना दहा वर्षं झालीत त्यांच्यासाठी हे सोनं आहे. एक बाई नि एक बुवा, दोघंही साठीपुढचे, त्या ‘सेंट लुईस ब्लूज’वर तीन मिनिटांत जेमतेम चार फरशा सरकले असतील, आणि भिंतीला टेकून बसलेले आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. मात्र त्याच शनिवारी सकाळी पहिला वर्ग केलेली मुलंही तिथे होती. तिसऱ्या गाण्यानंतर ती चहाच्या टेबलाकडे गेली ती परतलीच नाहीत. मा रेनीच्या पॅरामाउंट कंपनीच्या तबकड्यांची खरखर तर मुळातच बदनाम. घरी ती खरखर शेकोटीसारखी वाटते, मोठ्या स्पीकरवर गॅस गळतोय की काय असं वाटतं. शिवाय सेटच्या मध्यावर तबकडी कर्ण्याची न राहता मायक्रोफोनची होते, 1925 मध्येच कंपन्यांनी विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू केलं ना. म्हणजे माझा हात पुन्हा फेडरवर. एकाच दशकाच्या पोटातही दोन आवाज.

तरी तुमचा स्लॉट पहाटे चारचा असेल, हॉल लहान असेल आणि उरलेली माणसं मुरलेली असतील, तर डोळे मिटून हाच घ्या असं मी म्हणेन. एक ते दोनला नको.

उरली जागेची थीम. शिकागोत राहणाऱ्याने शिकागोच वाजवावं असं कोणालाही वाटेल, मलाही वाटलं. चेस रेकॉर्ड्स या ब्लूजच्या रेकॉर्ड कंपनीची 2120 साउथ मिशिगन अव्हेन्यूची इमारत माझ्या घरापासून गाडीने तासाच्या आत, पाहुणे आले की त्यांनाही तिथे नेतो. मडी वॉटर्सचं 1954 चं ‘हूची कूची मॅन’ लागलं की ठेका थांबतो, सुटतो, पुन्हा थांबतो, आणि त्या थांब्यांवर नवखी माणसंही उठून काहीतरी करून बघतात. हार्मोनिकावाल्या लिटल वॉल्टरच्या ‘जूक’वर तर वेगळं सांगायला नको. पण दोन अडचणी. एक म्हणजे वीकेंडला तुमच्याआधी चार जणांनी वाजवलेलं असतं आणि चौघांनीही मडी वॉटर्स वाजवलेलाच असतो. तुमच्या वाट्याला उरलेलं येतं. दुसरी म्हणजे हार्मोनिका. पंधरा मिनिटं ती अंगात येते, चाळीस मिनिटांनी दात शिवशिवायला लागतात. आणि ‘चेस’ म्हणजे काही एक खोली नव्हे. मिशिगन अव्हेन्यूच्या इमारतीत ते 1957 मध्ये आले. त्याआधीचं बरंचसं काम भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या स्टुडिओत झालेलं. ‘जूक’ आणि साठच्या दशकातला चेसचाच गायक हाउलिन वुल्फ शेजारी ठेवून बघा, फरक कानाला कळतो. पावसाच्या सेटइतका नाही, पण कळतो.

म्हणून शेवटी मी लुइझियानातल्या क्राउलीला गेलो. प्रत्यक्ष नव्हे, यादीत. क्राउली हे भातशेतीचं गाव. तिथे जे. डी. मिलर नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता आणि तिथलं रेकॉर्डिंग नॅशव्हिलच्या एक्सेलो लेबलवर निघायचं: लाइटनिन स्लिम, लेझी लेस्टर, लोनसम सनडाउन, स्लिम हार्पो. पियानोवर पुष्कळदा केटी वेबस्टर. साधारण 1955 ते 1966 एवढ्यातलंच घेतलं तरी तासभर आरामात भरतो. ‘स्वॅम्प ब्लूज’ म्हणतात त्याला, आणि दलदलीत चालावं तशीच त्याची चाल. घाई नाही, पाऊल जरा रुतवून उचलायचं. रात्री एक वाजता माणसाच्या अंगात नेमकी तेवढीच ताकद उरलेली असते.

आणि आवाज! तोच एको, तोच थोडा ओलसर, लांबून येणारा ड्रम, तीच गुरगुरणारी गिटार. ड्रमशिवाय मध्ये मध्ये टकटक काहीतरी वाजत असतं. लेझी लेस्टर हाताला लागेल ते वाजवायचा, गुंडाळी केलेलं वर्तमानपत्र पुठ्ठ्याच्या खोक्यावरसुद्धा. ती टकटक मोठ्या स्पीकरवर फार गोड लागते, कारण पायाला ती खुणेसारखी मिळते. पहिल्या गाण्याला आवाज लावला आणि तासभर हात लावावा लागला नाही. लावला असेन एकदा-दोनदा, सवयीने.

आता याही बाजूचं उणं सांगितलं पाहिजे. गाणी एकमेकांसारखी वाटतात ही तक्रार खरी आहे. मी मध्यावर लाइटनिन स्लिमची दोन अगदी संथ गाणी लागोपाठ लावली आणि फ्लोअर पेंगायला लागला, तेव्हा स्लिम हार्पोचं 1966 चं ‘बेबी स्क्रॅच माय बॅक’ घाईने पुढे ओढावं लागलं. ते त्या साली आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूजच्या) यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं आहे, त्याने सगळे जागे झाले. लेस्टर आणि हार्पो दोघंही हार्मोनिकावाले, तेव्हा ती इथेही सुटत नाही. फक्त इथली हार्मोनिका अंगावर येत नाही, कोपऱ्यात बसून विडी ओढल्यासारखी वाजते. जास्त बोचणारी गोष्ट वेगळीच. याच मिलरने काळ्या कलावंतांची ही रेकॉर्डिंग केली आणि साठच्या दशकात गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांसाठी विखारी गाण्यांच्या तबकड्याही काढल्या. कोणी विचारलं तर मी हे सांगतो. न विचारता सांगावं का, हे अजून माझं ठरलेलं नाही. ‘क्राउली नाइट’ असं नाव मात्र मी सेटला देत नाही. कलावंतांचीच नावं देतो.

तुमच्याकडे चांगला निवेदक असेल, किंवा वीकेंडला दुपारचा ऐकण्याचा तास असेल, तर पाऊस जरूर करा, आणि महापुराची ती फेब्रुवारी-एप्रिलची गंमत माझ्या वतीने सांगा. पहिल्यांदाच वाजवत असाल आणि लोक खूश झाल्याशिवाय झोप लागत नसेल, तर शिकागोला पर्याय नाही. फक्त आधीच्या चौघांनी काय वाजवलं ते विचारून घ्या. बाकी सगळ्यांना मी भिडस्तपणे एवढंच सुचवेन की एखादा स्टुडिओ धरून बघा. क्राउलीच हवा असं नाही.

त्या रात्री सेट संपायला तीन-चार गाणी उरली असताना पावसाच्या सेटची ती कपाळ चोळणारी मुलगी टेबलाशी आली. मला वाटलं, गाण्याचं नाव विचारणार. तिने नाचायला विचारलं. मी सवयीने फेडरकडे बघितलं, मग उठलो. यादीत ‘रेनिन इन माय हार्ट’ होतं. नाचता नाचता तिने विचारलं, “आज थीम काय होती?”