निळा पडदा पुन्हा पुन्हा येतोय: फॉरमॅट मारायचं, पार्ट बदलायचा की नवा कॉम्प्युटर घ्यायचा?

घरचा कॉम्प्युटर चालता चालता निळा पडदा दाखवून बंद पडायला लागला की बेळगावात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे: "फॉरमॅट मारून घे की!" शेजारचा पोरगा तेच सांगतो, कॉलेजातला मित्र तेच सांगतो, आणि कित्येक दुकानांत कॅबिनेटचा स्क्रू काढायच्या आधीच तेच सुचवलं जातं. फॉरमॅटने, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकल्याने, खरोखर बरे होणारे बिघाड आहेत. पण रॅम (चालू कामाची मेमरी) किंवा पॉवर सप्लाय (आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा) खराब असेल तर फॉरमॅट करून काहीच साधत नाही, उलट घरातला डेटा धोक्यात येतो. म्हणून आधी दुखणं कुठलं ते ओळखायचं आणि मगच पैसे कुठे घालायचे ते ठरवायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखायला फारसा खर्च येत नाही. एक पेनड्राइव्ह आणि एक रात्र पुरते.

तुमच्यापुढे साधारण चार वाटा असतात. घरीच शोधून ड्रायव्हर (एखादा पार्ट चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा अपडेट मागे घ्यायचा, विंडोज नव्याने टाकायचं, एखादा पार्ट बदलायचा, किंवा मशीनच बदलायचं. यातली कुठली धरायची, हे सगळ्यात जास्त एकाच प्रश्नावर ठरतं: दरवेळी पडद्यावर तोच कोड येतो, की वेगवेगळा?

आधी कोड टिपून ठेवा

पडदा आला की घाबरून बटण दाबू नका, मोबाइलने फोटो काढा. खालच्या ओळीत स्टॉप कोड असतो आणि कधी कधी त्याखाली एखाद्या फाइलचं नावही असतं. (विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर हा पडदा काळा झाला आहे. रंग बदलला तरी कोड तेच आहेत.) फोटो हुकला तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. कुठल्या तारखेला मशीन पडलं ते तिथे लाल फुलीने दिसतं, आणि त्याच्या आसपास कुठला अपडेट किंवा प्रोग्रॅम बसला होता तेही दिसतं. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम जुन्या क्रॅशच्या फाइली वाचून सगळे कोड एका यादीत दाखवतो.

यादी हाती आली की ती अशी वाचायची. दरवेळी तोच कोड आणि तीच ड्रायव्हर फाइल असेल तर बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा असतो. आज 'मेमरी मॅनेजमेंट', परवा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', पुढच्या आठवड्यात 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल' असं काहीही येत असेल तर संशय रॅमवर घ्या, आणि रॅम नीट निघाली तर पॉवर सप्लायवर. 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' म्हणजे प्रोसेसर, व्होल्टेज, उष्णता अशा हार्डवेअरच्या भानगडी. पडदा न येता मशीन एकदम ठप्प होऊन बंद पडत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद बगचेक कोड (म्हणजे स्टॉप कोड) शून्यासह दिसत असेल, तर बहुतेक वीज मध्येच तुटली असं समजा.

इथे एक सावधगिरी हवी. ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये बऱ्याचदा 'एनटीओएस कर्नल'चं नाव लाल होऊन दिसतं आणि लोक म्हणतात, बघा, विंडोजच खराब आहे. ती फाइल म्हणजे विंडोजचा गाभा. क्रॅश तिथे नोंदला गेला, एवढाच त्याचा अर्थ आहे. तेवढ्यावरून फॉरमॅटचा निर्णय घेऊ नका.

फॉरमॅट की ड्रायव्हर मागे घेणं?

कोड एकच असेल तर या दोन वाटांची तुलना करायची. ड्रायव्हर मागे घ्यायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाच मिनिटं लागतात, रिस्टोअर पॉइंटवर (विंडोजने आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर) मागे जायला अर्धा-पाऊण तास. फॉरमॅटला दुकानदार दोन तास सांगतो, पण घरातलं सगळं पूर्ववत व्हायला आठवडा जातो. आपल्या भागातल्या घरांत तर जास्तच. एकाच मशीनवर मराठीसाठी श्रीलिपी किंवा आयएसएम, कन्नडसाठी नुडी, जुना प्रिंटर, कुणाचं टॅली, आणि डेस्कटॉपवरच साठवलेल्या प्रश्नपत्रिका नि लग्नपत्रिका. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट परत बसेपर्यंत वाचताही येत नाही.

शहापुरात एका ओळखीच्या घरी डीटीपीचं काम चालतं. तिथे फॉरमॅट झालं, चार दिवस मशीन नीट चाललं आणि पुन्हा निळा पडदा आला. कारण साधं होतं. फॉरमॅटनंतर टायपिंगच्या सॉफ्टवेअरसाठी त्याच जुन्या सीडीवरून डोंगलचा (सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या किल्लीचा) तोच जुना ड्रायव्हर परत टाकला होता. क्रॅशच्या प्रत्येक नोंदीत त्याच ड्रायव्हरचं नाव होतं. नवा ड्रायव्हर मिळवून बसवला आणि काम सुरळीत झालं. फॉरमॅट दोषी ड्रायव्हर पुसतं खरं, पण आपण तोच हाताने पुन्हा आत आणला तर उपयोग काय?

१९ जुलै २०२४ ची गोष्ट आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, विमानसेवा विस्कळीत झाल्या. त्यावर उपाय होता सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच मूळ ड्रायव्हरांवर चालतं त्या अवस्थेत) जाऊन ती एक फाइल काढून टाकण्याचा. मशीन सेफ मोडमध्ये तासन् तास नीट चालत असेल तर दोष बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा असण्याची शक्यता फार वाढते. अँटिव्हायरस, व्हीपीएन, गेमचं अँटिचीट (लबाडी पकडणारा प्रोग्रॅम), ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर हे नेहमीचे संशयित. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा' म्हणणारे प्रोग्रॅम मात्र अजिबात टाकू नका. ते चालत असलेला ड्रायव्हरही बिघडवतात.

मग फॉरमॅट कधी? सिस्टिम फाइल चेकर आणि डिझम ही दुरुस्तीची साधनं चालवूनही फाइली दुरुस्त होत नसतील तेव्हा, व्हायरस शिरला असेल तेव्हा, किंवा विंडोज क्रॅक करून टाकलेलं असेल तेव्हा. अशा वेळी वेळ न दवडता फॉरमॅट करावं. पण त्याआधी रॅम आणि डिस्क तपासलेली हवी. खराब रॅमवर विंडोज टाकलं तर फाइली कॉपी होतानाच बिघडू शकतात, आणि नवं विंडोज पहिल्या दिवसापासून आजारी राहतं.

रॅम: इथे वेळ घालवा

कोड बदलत असतील तर कुठलाही खर्च करण्याआधी हे करा. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज उतरते. रॅमच्या टोकांच्या क्लिपा बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. ती कडेने धरा, सोनेरी टोकांना बोट लावू नका. त्या टोकांवर काळपट थर दिसला तर मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झाडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्याहून बरं. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर सोडतं. पट्टी परत बसवताना मधली खाच जुळवा आणि दोन्ही अंगठ्यांनी 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा. काही मदरबोर्डांवर एकाच बाजूची क्लिप हलते, ते बिघडल्याचं लक्षण नव्हे.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्यात घरात महिनोन् महिने ओल असते. महिनाभर बंद ठेवलेलं मशीन गणपतीच्या सुमारास सुरू केलं की असा त्रास दिसतो, आणि पट्टी काढून पुसून बसवल्यावर तो बरेचदा जातो.

त्यानंतरही क्रॅश झाला तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम घ्या आणि त्यावरून मशीन सुरू करा. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. रात्री लावून झोपा. सकाळी लाल ओळ एकच दिसली तरी रॅम नापास. 'एकच चूक आहे, चालतंय' असं रॅमच्या बाबतीत नसतं. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून, त्याच खाचेत तपासा. चांगली पट्टी दुसऱ्या खाचेत नापास होत असेल तर दोष बोर्डाचा. मुलांनी गेमसाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, चालू केलं असेल तर आधी ते बंद करून पाहा. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी झटपट होते, पण ती पास झाली म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत. त्यामुळे अंदाजाने नवी रॅम घेणं आता परवडत नाही. जुनं बिल शोधा. अनेक कंपन्या रॅमला पाच-दहा वर्षांची, काही त्याहूनही जास्त वॉरंटी देतात.

वीज

वळवाच्या दिवसांत लाइट येते-जाते, व्होल्टेज वर-खाली होतं. घरात इन्व्हर्टर असला तरी कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, कारण बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस आणि इको असे दोन मोड असतात. इको मोडमध्ये बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर पडतो. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएसकडे करून बघा. यूपीएस वेगळा असेल तर त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

स्वस्त एसएमपीएस (म्हणजेच पॉवर सप्लाय) कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळालेला असेल तर तो सगळ्यात कच्चा दुवा. तो तपासायचा म्हणजे दुसरा लावून पाहायचा. उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतका चार्ज राहतो.

डिस्कचं थोडक्यात. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडा. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, विशेषतः ०५ आणि सी५ या ओळींत आकडे वाढत असतील, तर त्याच दिवशी डेटा बाहेर काढा आणि नवी एसएसडी घ्या. फक्त सी७ वाढत असेल तर साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) बदलून बघा, बरेचदा तेवढ्यावर भागतं.

नवा कॉम्प्युटर कधी?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचं मशीन त्याआधीचं असेल आणि दोष मदरबोर्डात निघाला, तर त्यात पैसे घालू नका. पण दोष नुसत्या रॅमचा किंवा डिस्कचा असेल आणि मशीन विंडोज ११ चालवू शकत असेल, तर ते टाकून देणं म्हणजे पैशाची नासाडी आहे.

उलटही एक प्रकार आहे. मशीन नवं आहे, इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा जास्त वॅटचा डेस्कटॉप प्रोसेसर आहे आणि तरी क्रॅश होतोय. या प्रोसेसरांत व्होल्टेजचा खरा दोष होता. इंटेलने २०२४ मध्ये तो मान्य करून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला सुधारित प्रोग्रॅम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बोर्डच्या कंपनीकडून नवा बायोस टाका, आणि त्यानेही थांबलं नाही तर वॉरंटीत प्रोसेसर बदलून मागा. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर सगळा डेटा कुलूपबंद होऊन बसेल.

दुकानात न्यायचं ठरलं तर

बेळगाव शहरात राहणाऱ्याला दुकान जवळ आहे. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ पडतं, खानापूर-चिकोडीच्या गावांतून मात्र सीपीयूचं कॅबिनेट बसमध्ये मांडीवर घेऊन यावं लागतं. एवढी यातायात करायची तर ती एकाच फेरीत संपावी. मधूनच येणारा दोष दुकानातल्या पंधरा मिनिटांत दिसत नाही, आणि तिथली वीज चांगली असेल तर वीजेचा दोष तर मुळीच दिसत नाही. म्हणून नुसतं 'बंद पडतंय' असं सांगून सोडू नका. कोडचे फोटो, क्रॅशच्या तारखा, मेमटेस्टचा निकाल, घरी इन्व्हर्टर आहे की यूपीएस, आणि आधी काय काय करून पाहिलं, हे एका कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा. त्याच कागदावर ठळक लिहा: 'न विचारता फॉरमॅट करू नये.' रात्रभर लोड देऊन तपासायला सांगा, बदललेला जुना पार्ट परत मागा आणि नव्या पार्टचं बिल त्याच्या सीरियल नंबरासह घ्या. बसने न्यायचं असेल तर मोठं ग्राफिक्स कार्ड आधी काढून वेगळं गुंडाळा, हादऱ्यांनी त्याची खाच तुटू शकते.