एसएलपी फेटाळली गेली, तरी या वकीलबाईंची शिफारस करते

कराडजवळच्या जमिनीच्या वाटपाचा दावा आम्ही उच्च न्यायालयात हरलो. दिल्लीत सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिका (एसएलपी) लावण्यासाठी साताऱ्याच्या एका वकीलबाईंकडे गेलो. दिल्लीतले ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड, म्हणजे सुप्रीम कोर्टात याचिका दाखल करू शकणारे वकील, त्यांनीच गाठून दिले.

सुनावणी मोबाईलवर पाहिली. चहा निवायच्या आत संपली! आदेश एका ओळीचा, कारण काहीच नाही. भाऊजी म्हणाले, "आता सुप्रीम कोर्टानंही समोरच्यांचंच खरं केलं."

बाईंनी त्याच संध्याकाळी आम्हाला बसवून नीट सांगितलं, आणि पाच तारे मी त्यासाठीच देतेय. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली कोर्ट आधी फक्त अपिलाला परवानगी द्यायची का, एवढंच बघतं. कारण न देता नाकारली, तर खालचा निकाल बरोबर ठरवला असा अर्थ होत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य, २०००, हा निवाडा त्यांनी उघडून दाखवला. परवानगी मिळून अपील चाललं असतं, तर मात्र खालचा निकाल वरच्यात विलीन झाला असता. आमचं तसं झालं नाही, म्हणून उच्च न्यायालयात पुनर्विलोकनाची, म्हणजे त्याच कोर्टाला आपला निकाल पुन्हा तपासायला सांगण्याची, वाट अजून उघडी आहे. पण उघड दिसणारी चूक किंवा नवा पुरावा हवा. "तुमच्याकडे दोन्ही नाही, पैसे घालवू नका," असं तोंडावर सांगणारा वकील मला तरी पहिल्यांदाच भेटला.

समोरच्यांची दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, आता चालणार, हेही लपवलं नाही. फीची पावती मिळाली. तक्रार एकच: मराठी कागदांच्या इंग्रजी भाषांतराचा खर्च आधी सांगायला हवा होता.