गोठ्यात दोन रात्री, कर्लीच्या खाडीकाठी

डिसेंबरात आईला घेऊन कुडाळला उतरले आणि रिक्षाने नेरूरपारच्या बाजूला गेले. राहायची जागा म्हणजे चिऱ्यांच्या भिंतींचा, मंगळुरी कौलांचा जुना गुरांचा गोठा. मागे माड, त्यापलीकडे कांदळवन आणि कर्लीची खाडी. ही नदी पुढे देवबागला समुद्राला मिळते.

आई आत शिरली आणि आधी गव्हाणीवर हात फिरवला. गव्हाण काढलेली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. तिच्यावर फळी टाकून कपडे ठेवायची सोय केलीय. खांबांना दाव्याने झिजून पडलेल्या खाचा तशाच आहेत. शेण-मूत वाहून जावं म्हणून गोठ्याच्या जमिनीला उतार असतो, तोही मोडलेला नाही. खाटांच्या एका बाजूच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिलेत. जमीन शेणाने सारवलेली. आमच्या आजोळचा गोठा पाडून तिथे स्लॅबची खोली उभी राहिली, म्हणून असेल, पण मला इथे भरून आलं.

जेवण घरमालकीण वैनी करतात. सकाळी उकड्या तांदळाची पेज किंवा घावणे, दुपारी खाडीत जे मिळेल ते. एक दिवस तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं होतं. तेवढ्यासाठी परत जाईन.

मात्र पाण्याचं गणित आधी समजून घ्या. आम्ही पोचलो तेव्हा समोर नुसता चिखल होता. होडीचं विचारलं तर काका म्हणाले, "आता सुकती (ओहोटी) आसा. चार वाजल्यार भरती येतली, तेवां जावया." भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून विचाराच. भरतीला पाणी माडांच्या मुळांपर्यंत आलं होतं आणि आई तासभर तिथून हलली नाही.

संध्याकाळी डास फार. नारळाच्या सोडणांचा धूर करतात, तरी मच्छरदाणी लागतेच. खरी तक्रार न्हाणीघराची. ते अंगणापलीकडे, चिऱ्यांच्या पाच पायऱ्या उतरून. रात्री दवाने पायऱ्या निसरड्या होतात आणि धरायला काही नाही. दोन्ही रात्री मी आईचा हात धरून टॉर्च घेऊन गेले. एकट्या वयस्कर माणसाला मी तिथे पाठवणार नाही. वैनींना हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि कठडा बसला की फोन करते म्हणाल्या.