अग्रशाळेतला संविधान वर्ग – ४ स्टार, एक कापला तो माईकसाठी

गोव्यात फोंड्याजवळच्या एका देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या मुक्कामाच्या इमारतीत) रविवारी तीन तासांचा वर्ग होता, 'सरकारची मर्यादा आणि धर्म', फी १५० रुपये चहा-भज्यांसकट. खरं सांगतो, मी भज्यांसाठीच गेलेलो.

पण सर भारी निघाले. सुरुवातच बृहदारण्यक उपनिषदातून, धर्म हा राजाच्याही वरचा राजा, त्याच्या जोरावर दुबळासुद्धा बलवानाला भारी पडतो, आणि तिथून थेट संविधानातल्या धर्मस्वातंत्र्याच्या कलम २५, २६ वर उडी. सुप्रीम कोर्टाचा १९५४ चा शिरूर मठाचा निकाल तर इतका सोपा करून सांगितला की शेजारचे भटजीकाका मान डोलवायला लागले, म्हणजे देवळाच्या जमिनी, पैसे, हिशोब यावर सरकार कायदा करून लक्ष ठेवू शकतं पण पूजा कशी करायची ते ठरवू शकत नाही, आणि सगळा कारभारच काढून घेणं तर अजिबात नाही. मग कोणीतरी आपला विषय काढला, महाजनी कायदा, म्हणजे गोव्यातली देवळं चालवणाऱ्या महाजनांसाठीचा, पोर्तुगीजांच्या काळातला १९३३ चा, अजून मामलेदार देवस्थानांवर लक्ष ठेवतो, आणि जी काय खडाजंगी झाली! 'मामलेदार नको तर महाजनांना जाब कोण विचारणार?' असं एका काकूंनी विचारलं आणि सभागृह गप्प. मला काकूंचंच पटलं हां.

माईक मात्र दर पाच मिनिटांनी किंचाळत होता, मागे बसलात तर अर्धं ऐकू येत नाही, पंखेही दोनच. नोट्स छापील देतात, मोठ्या अक्षरात. आईला घेऊन परत जाणार, पुढच्या रांगेत.