डोकं दुखायचं पण दुखणं मानेत निघालं, लातूर औसा रोडवरचं फिजिओथेरपी सेंटर

साडेचार स्टार द्यायचे होते, अर्धा देता येईना म्हणून 5 दिलेत. अर्धा कशाचा कापला असता ते खाली सांगते.

मी औशाची, ब्लाऊज शिवते, 16 वर्षं झाली. लग्नसराईत रात्री बारा-एकपर्यंत मशीनवर मान खाली घालून बसणं असतं. दोन वर्षांपासून डोकं दुखायचं, कायम उजवीच बाजू, डावी कधीच नाही, मानेतून निघायचं, कानामागून वर चढायचं आन उजव्या डोळ्याच्या मागं जाऊन बसायचं ते दिवसभर उठायचंच नाही. सगळे म्हणले अर्धशिशी आहे. सासूबाईंनी नाकात तूप सोडून बघितलं, चष्म्याचा नंबर बदलून झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. एका दवाखान्यात मी म्हणले डॉक्टर मान पण आखडती, तर मानेला हातसुद्धा लावला नाही, गोळ्या लिहिल्या आन पुढच्या पेशंटला आवाज दिला. मग मेडिकलमधून आणून रोजची एक गोळी सुरू झाली, लग्नसराईत दोन.

दिवाळीनंतर हात पण सुरू झाला. खांद्यातून झणका यायचा, उजवा अंगठा आन त्याच्या शेजारचं बोट बधिर. हुक लावताना सुई बोटात आहे का सुटली तेच कळंना, खाली बघितलं की कळायचं सुई मांडीवर पडलीय. शिवणाऱ्या बाईचं बोटच गेलं तर राहिलं काय, लई घाबरले मी. शेजारच्या एकानं सांगितलं की कटिंगच्या दुकानात मान मोडून घे, मोकळी होती. नणंद म्हणली तसलं काही करू नको, आन तिनं या सेंटरचा नंबर दिला.

पहिल्या दिवशी मॅडमनी मशीन लावलंच नाही. पाऊण तास नुसतं विचारणं आन तपासणं. "ताई, दुखणं कुठून निघतंय, एका बोटानं दाखवा." दोन वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मग मान मागं न्यायला लावून उजवीकडं वाकवली आन डोक्यावर हळूच दाब दिला तर अंगठ्यापर्यंत करंट गेला. कोपरावर छोटी हातोडी मारून बघितली, शर्टाची बटणं लावायला-काढायला लावली, फरशीच्या रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालवलं. मग आडवं झोपवून हनुवटी छातीला टेकवली आन तशीच मान फिरवली, डावीकडं छान गेली, उजवीकडं अर्ध्यातच अडकली.

आन मग कवटीच्या खाली, मान सुरू होते तिथल्या खोलगट जागेत उजवीकडं बोट ठेवून हळूच दाबलं. तिथंच डोळ्यामागं तेच दुखणं सुरू झालं, हुबेहूब तेच. बोट काढलं तसं थोड्या वेळात ओसरलं. मला रडूच आलं, कारण दोन वर्षं मी डोळ्याला आन कपाळाला बाम चोळत होते.

मॅडमनी समजावून सांगितलं ते इथं लिहिते, कुणाला तरी कामाला येईल. मानेत मणके 7 आन नसांच्या जोड्या 8. वरच्या तीन जोड्या जिथं जातात तिथंच चेहऱ्याची, कपाळाची, डोळ्याची नस पण येऊन मिळती, म्हणून मानेच्या वरच्या सांध्यात बिघाड असला तरी मेंदूला वाटतं डोळाच दुखायलाय. एकाच डीपीवरून दोन गल्ल्यांना लाईट असली की बिघाड एका गल्लीत आन दिवे दुसऱ्या गल्लीतले फडफडतात ना, तसं. बोटांचं मात्र वेगळं, ते खालून, पाचव्या आन सहाव्या मणक्याच्या मधून निघणारी नस अंगठ्याकडं जाती, ती तिथं दाबली गेलेली. म्हणजे एकाच मानेत दोन ठिकाणी त्रास. त्या हेही म्हणल्या की मान दुखती म्हणून डोकेदुखी मानेचीच असं धरायचं नाही, अर्धशिशीतही मान दुखती, म्हणून हात लावून तपासावं लागतं.

बधिरपणा होता म्हणून त्यांनी त्या दिवशी उपचार चालूच केले नाहीत, आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवून या म्हणल्या. एमआरआयमध्ये तिथलीच गादी सरकलेली निघाली. डॉक्टर म्हणले ऑपरेशनची गरज नाही, फिजिओ करा. गोळ्यांचं पण तेव्हाच कळलं, महिन्यातून 15 दिवस आन वर असं तीन महिन्यांहून जास्त साध्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. डॉक्टरांनी सांगितलं तशा बंद केल्या, पहिला आठवडा लई जड गेला. मान मोडून घ्यायचं विचारलं तर मॅडम एकदम गंभीर झाल्या, झटक्यानं मान मोडली तर मेंदूला रक्त नेणारी नळी फाटू शकती, लकवा होऊ शकतो म्हणल्या.

मग सहा आठवडे, आठवड्याला दोनदा, एका वेळेचे 350 रुपये. हातानं सांधे सोडवायच्या आन व्यायाम करून घ्यायच्या. हनुवटी सरळ मागं ओढून पाच मोजायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी मला चारच जमले, मान थरथरायला लागली. काहीजणांनी इथं लिहिलंय की मशीन लावत नाहीत, नुसता व्यायाम देतात. अहो तोच तर उपचार आहे, शेक घेऊन तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मानेला ताकद व्यायामानंच येती.

मला सगळ्यात जास्त पटलं ते हे की त्यांनी माझं काम सोडा म्हणलं नाही. फोनवर मी मशीनवर बसते तसा फोटो मागितला आन त्यावरून सांगितलं. मशीनखाली फळ्या टाकून उंची वाढवली, स्टूल जवळ घेतलं, हुक लावताना मांडीवर दोन उशा घेते म्हणजे कापड डोळ्याकडं येतं, मान कापडाकडं जात नाही. डोक्याचं वजनच साडेचार-पाच किलो असतं, जितकी मान वाकवू तितका मानेवर भार वाढतो. आता एक बाही जोडली की उठायचंच.

आता डोकं पंधरा दिवसांतून एखाद्या वेळेस दुखतं, तेही आडवं पडून व्यायाम केला की जातं. अंगठा मोकळा झाला. शेजारच्या बोटाच्या टोकाला अजून थोडं बधिर आहे, मॅडम म्हणल्या नस हळूहळू भरती, घाई करू नका. परवा सोळा हुक सलग लावले, सुई एकदाही सुटली नाही.

आता अर्ध्या स्टारचं. दुसरा मजला आन लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. अकराची वेळ दिली तर पावणेबारा होतातच. मॅडम नसल्या की मदतनीस नुसता शेक लावून पाठवतात, तसं झालं तर सरळ म्हणायचं मॅडम असतील तेव्हा येते. मी म्हणले, त्यांनी वेळ बदलून दिली, पैसे पण घेतले नाहीत.

ज्यांचं चालताना झोकांडं जायलंय, हातातून वस्तू पडायल्यात, लघवीचं भान राहीना, किंवा डोकं एकदम जीव जाईल असं दुखलं, तापात मान आखडली, त्यांनी इथं न येता सरळ मोठ्या दवाखान्यात जावं, हे त्यांच्या भिंतीवर पण लावलंय.

जाताना जुने एक्स-रे, एमआरआय सोबत न्या, आन बायकांनी मागून सैल गळ्याचा ड्रेस घाला, साडीवर मान तपासायला अवघड जातं. गुरुवारी मॅडम नसतात.