पर्ड्यू आउल: संदर्भसूचीला उत्तम, इंग्रजी दुरुस्तीला नाही

अमेरिकेत इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाची लेखन प्रयोगशाळा, म्हणजे लिखाणाला मदत करणारं केंद्र, १९७६ची. तिचं 'आउल' (ऑनलाइन रायटिंग लॅब) संकेतस्थळ १९९४मध्ये वेबवर आलं. समोर बसून मसुदा दाखवायची सोय विद्यापीठातल्यांपुरतीच. वाचायला मात्र सगळं खुलं आणि फुकट, त्यामुळे इथे बसून प्रबंध लिहिणाऱ्यांनाही उपयोगी.

खरी किंमत आहे ती संदर्भांच्या विभागाची. एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भशैली. तिच्या सातव्या आवृत्तीत (२०१९) मजकुरात तीन किंवा जास्त लेखक असतील, तर पहिल्याच उल्लेखापासून एकच आडनाव आणि 'एट अल.' (आणि इतर), सूचीत मात्र वीसपर्यंत सगळी नावं. हे दोन नियम एकमेकांत मिसळले की सूची परत येते. प्रकाशनाचं गाव सहाव्या आवृत्तीत लिहायचं, सातव्यात नाही. मार्गदर्शकांचा नमुना जुना असेल तर आधी आवृत्ती विचारून घ्या, मगच पान उघडा. एमएलए या दुसऱ्या शैलीत (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची) कंसात आडनाव आणि पान, मध्ये स्वल्पविराम नाही. एपीएमध्ये आडनाव आणि वर्ष, मध्ये स्वल्पविराम हवाच.

संदर्भांच्या आयत्या नोंदी करून देणाऱ्या यंत्रांवर विसंबू नका. शीर्षकातली कॅपिटल अक्षरं ती बऱ्याचदा चुकवतात. आउलवरचा नमुना शेजारी ठेवून हाताने जुळवलेलं बरं. जाहिराती आहेत, त्या सोसाव्या लागतात.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष भेट मिळत असेल तर मसुद्याबरोबर प्राध्यापकांनी दिलेला प्रश्नही न्या. ओळ न् ओळ सुधारून मिळेल ही अपेक्षा चुकीची. तिथे आधी मुद्दा आणि मांडणी, व्याकरण शेवटी.