हंड्यासाठी घेऊ नका, अंगठीसाठी घ्या : 11 हजारांचा मेटल डिटेक्टर, 8 महिने वापरून

यंत्र घरी आलं त्या संध्याकाळी मी ते हॉलमध्येच चालू केलं, हा पहिला गाढवपणा. चौथा मजला, खाली आरसीसी स्लॅब, स्लॅबमध्ये वीत-वीत अंतरावर सळया. चकती फरशीजवळ नेली रे नेली की ते कोकलायला लागायचं. आतून हिचा आवाज आला, "सापडला का हंडा? सापडला असेल तर आधी दूध घेऊन या."

मी टेलिफोन खात्यात 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी केबलचे फॉल्ट शोधण्यात. रात्री 12 वाजता कानाला हेडफोन आणि हातात काठीसारखं यंत्र घेऊन लक्ष्मी रोडवरून चालायची मला सवय आहे. त्यामुळे लोक बघतात याचं काही वाटत नाही. आणि सळयांनी फसलेला मी पहिला टेलिफोनवालाही नव्हे. 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरातली गोळी शोधायला साक्षात ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोळ केला असं म्हणतात. बेलसाहेबांचं जिथे चुकलं तिथे कोथरूडमधल्या माझ्या फ्लॅटचं काय.

हे यंत्र मी हौस म्हणून घेतलं नव्हतं. पुरंदर तालुक्यात ताईची अंजिराची बाग आहे. अंजिराचा चीक हाताला लागला की खाज सुटते, बोटं चिकट होतात. म्हणून भाचेसुनेने तोडणीच्या वेळी अंगठी काढून पदराच्या गाठीत बांधली. संध्याकाळी गाठ मोकळी! साखरपुड्याची अंगठी, 3 ग्रॅमची. पोरीने 2 दिवस झाडांखालची माती चाळणीने चाळली. भाच्याचा फोन आला, "मामा, तुमच्याकडे ते केबल शोधायचं यंत्र असायचं ना?" ते खात्याचं होतं, खात्याकडेच राहिलं. आणि ते अंगठीसाठी उपयोगाचंही नाही. मग ऑनलाइन हे मागवलं, 11,400 रुपयांना. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीत वेगवेगळ्या नावांनी जे मिळतं ते सगळं एकाच साच्यातून आल्यासारखं दिसतं.

10 इंची चकती, तिच्यात दोन वेटोळी. एक वेटोळं चुंबकीय लहर सोडतं, जमिनीतल्या धातूत त्यामुळे बारीक प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात, आणि दुसरं वेटोळं त्यांची चाहूल घेतं. ती चाहूल किती उशिरा आली यावरून धातू कोणता असावा याचा अंदाज पडद्यावर आकड्यात येतो. अंदाज हा शब्द नीट लक्षात ठेवा. पडद्यावर अमेरिकन नाण्यांची नावं छापली आहेत, ती आपल्या काही कामाची नाहीत.

म्हणून शेतावर जाण्याआधी मी आमच्या सोसायटीच्या बागेत एका रिकाम्या वाफ्यात घरातली नाणी पुरून पाहिली. हे प्रत्येकाने करावं, यात जी मजा आहे ती पुढे शोधातही नाही. 1957 चा कांस्याचा नवा पैसा आणि त्याआधीचा भोकाचा पैसा स्वच्छ वाजले. षटकोनी अ‍ॅल्युमिनियमचे 3 पैसे आणि 20 पैसे, तेही ठीक. पण आजचे 1 आणि 2 रुपये? ते लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे. यंत्र त्यांना कधी लोखंड म्हणून टाकून देतं, कधी चांदी असल्यासारखं किणकिणतं. 'लोखंड वगळा' हे बटण दाबलंत तर आपल्या देशातली चालू नाणीच वगळली जाण्याची शक्यता. हे माहितीपत्रकात नाही. माहितीपत्रकात एका फोटोत समुद्रकिनारा आणि हसणारं कुटुंब आहे.

शेवटी हिची अंगठी मागितली. ("मातीत पुरायची? वेड लागलंय का?") दोरा बांधून पुरली. आकडा आला 42. शेजारी गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी पुरली. आकडा 41, कधी 43. म्हणजे सोनं हवं असेल तर कचऱ्याचा प्रत्येक आवाज खणावाच लागणार. हे यंत्राचं वैगुण्य नव्हे. महागातल्या यंत्रांनाही बारीक सोनं आणि पातळ पत्रा यांत नेमका फरक करता येत नाही.

शेतावर पहिला तास फुकट गेला. दर पावलाला आवाज. दाजी बांधावर बसून तंबाखू मळत बघत होते. ते म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या पायातच काहीतरी हाय बघा." सेफ्टी बूट! पुढे लोखंडी टोपी असलेले, नोकरीतले. ते काढून ताईच्या चपला घातल्या आणि निम्मा गोंगाट गेला. उरलेला निम्मा जमिनीचा. आपली माती काळ्या खडकाची, तिच्यात लोहखनिजाचे कण. या यंत्राला जमिनीशी जुळवून घ्यायची सोय नाही, त्यामुळे मुरमावर ते उगाच कुरकुरतं. संवेदनशीलता 5 वरून 3 वर आणली तेव्हा गप्प बसलं. खोली अर्थातच कमी झाली. जाहिरातीत फूटभर लिहिलं आहे, माझ्या अनुभवात नाण्याएवढी वस्तू 4-5 इंचांवर मिळते. जमीन ओली असेल तर जरा बरं.

पहिल्या दिवशीचा माल : बैलाचे 2 नाल, जोखडाची एक शिवळ, तारेचे तुकडे, सोड्याच्या बाटलीचे 7 बिल्ले, चंदेरी पट्ट्या 11, कीटकनाशकाच्या डब्याचं झाकण, आणि मूठ नसलेलं खुरपं. खुरप्यावर दाजी इतके खूश झाले की अंगठीचा विषयच निघेना. दुपारपर्यंत निम्मी वस्ती जमली. एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही पायाळू का?" पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला भुईतलं धन दिसतं ही समजूत अजून जिवंत आहे. मी म्हटलं, "नाही, डोक्याकडूनच आलो." त्यांचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी 14 व्या झाडाच्या आळ्यात 42 आला. वाळलेली पानं, शेणखत, मग माती. जेमतेम 3 इंच. खुरप्याने नाही, बोटांनी उकरलं. आधी चिकाने चिकटलेला मातीचा गोळा आला, तो चोळल्यावर पिवळी कड दिसली. भाचेसून तिथेच मटकन बसली आणि रडायला लागली. मला काय करावं कळेना, मी यंत्र बंद करून बॅटऱ्या काढत बसलो.

त्याच दिवशी परत येताना बांधाजवळ एक मोठा, खणखणीत आवाज आला. हिरवट, जाडसर, वाकडीतिकडी चकती. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा : दुदांडी शिवराई. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं, पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमलातही चाललेलं तांब्याचं नाणं. दाजी चिंच आणायला निघाले होते, घासून लखलखीत करायला. मी अडवलं. तांब्यावरचा तो हिरवा थर म्हणजे नाण्याची कातडी, ती घासली की अक्षरंही जातात.

आता कायदा, कारण याबद्दल विकणारा अवाक्षर काढत नाही. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेली, 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 10 रुपये! वडापाव येत नाही हल्ली तेवढ्यात. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला : वस्तू, जागा, तारीख, अंदाजे किंमत. कार्यालयातल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "काका, एवढंच ना? हंडा वगैरे नाही ना?" पोच मिळाली, ती मी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. शनिवारवाडा, किल्ले, लेणी, जुनी देवळं इथे यंत्र पिशवीतूनही काढू नका. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी करू नये. वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होती हे एकदा मोडलं की मोडलं. जुनी नाणी हातात घेऊन बघायचीच असतील तर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा, तिथे बसायला स्टूलही देतात.

यूट्यूबवर इंग्लंडातले लोक रोमन सोनं काढताना दिसतात. तिथे 1996 चा वेगळा कायदा आहे, रीतसर नोंद होते, मोबदला मिळतो. तिथला माझा आवडता किस्सा मात्र या कायद्याच्या आधीचा, 1992 चा, सफोकमधल्या हॉक्सनचा. एक गृहस्थ शेतात हरवलेला हातोडा शोधत होते, आणि सापडली 15 हजारांच्या आसपास रोमन नाणी. त्यांनी स्वतः पुढे उकरत बसण्याऐवजी लगेच कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना नाण्यांची पेटी जशीच्या तशी काढता आली. नंतर हातोडाही सापडला, तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आमच्या दाजींचं खुरपं मात्र वापरात आहे.

बाकी तक्रारी भराभर सांगतो. दांड्याचा खटका सैल, चालताना चकती गर्रकन फिरते. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे. हेडफोनचं भोक जुन्या जाड पिनेचं, 30 रुपयांचा जोड घ्यावा लागला. 9 व्होल्टच्या 2 बॅटऱ्या दिवसभर पुरत नाहीत. खटक्याबद्दल कंपनीला 3 मेल केले, उत्तर म्हणून एकदा दिवाळीच्या शुभेच्छा आल्या. सोबत हातातला छोटा शोधक घ्याच, 1,800 ला मिळतो. खड्ड्यातल्या ढेकळात वस्तू नेमकी कुठे आहे हे तो सांगतो, नाहीतर सोनं खुरप्याने कापलं जायचं.

5 पैकी साडेतीन. अर्धा खटक्याचा कापला, एक जाहिरातीतल्या फूटभराचा.

8 महिन्यांत अंगठीखेरीज सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकखाली गडप झालेलं पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण शोधलं आणि टेकडीवर एका मुलाची गाडीची चावी. दोन्हीची फी चहा. सोनारांच्या गल्लीतली माती धुऊन कण वेचणारे झारेकरी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कमवत असतील, आणि तेही बॅटरीशिवाय.

काल दाजींचा फोन होता. नांगरटीत फाळाचा बोल्ट पडलाय, रविवारी या म्हणाले. "आणि पाव्हणं, येताना चपला घालून या."